अनोळखी, एक

१

नियम एकच होता आणि तो बावीस वर्षं पाळला गेला होता. बघणाऱ्याने लिहायचं नाही आणि लिहिणाऱ्याने बघायचं नाही.

बघणारे म्हणजे मोजणीदार. उभी हयात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेली, त्यामुळे निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गल्लीत सगळे त्यांना मोजणीदारच म्हणत. लिहिणाऱ्या म्हणजे त्यांची बायको, स्टेनोबाई. त्या कोर्टात होत्या. साक्षीदार खरं बोलो की खोटं, तोंडातून निघालं तसं कागदावर उतरवायचं, पदरचं एक अक्षर घालायचं नाही, ही सवय त्यांच्या हाडीमांसी खिळलेली. अशी दोन माणसं एका घरात नांदली आणि दोघांनाही पाखरं मोजायचा नाद लागला, तर असला नियम निघणारच. त्यात नवल ते काय.

पावसाळा उतरणीला लागला की उत्तरेकडून पाणथळीतले पक्षी येऊ लागतात. बारके चिखल्या, तुतारी, लांब वाकड्या चोचीचा कोरल, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्यावर टपलेले ससाणे. खाडीच्या तोंडाशी मैलभर नुसता चिखल आहे. भरतीचं पाणी चढू लागलं की पसरलेले पक्षी मागे सरकत सरकत बांधाजवळच्या कोरड्या पट्ट्यावर दाटीवाटीने उभे राहतात. मोजायचं ते तेव्हा. त्यासाठी बांधावर एक लाकडी खोपटं आहे, त्याला लपण म्हणतात. आत एक बाक, समोरच्या भिंतीत एक आडवी फट, आणि फटीतून बाहेर तोंड काढून बसलेली मोठी दुर्बीण. मोजणीदार तिला डावा डोळा लावून पुकारणार: जात, संख्या, अंतर, काय करतोय. बाई मान खाली घालून लिहिणार. अंतर कळावं म्हणून मोजणीदारांनी स्वतःच्या हाताने चिखलात दर पन्नास मीटरवर एक पांढरा खांब रोवला होता. असे आठ खांब. जुना धंदा, हौस काही जात नाही.

तक्त्यात सगळ्यात खाली एक ओळ असते, अनोळखी. ती ओळ बावीस वर्षं कोरी राहिली होती आणि मोजणीदारांना त्याचा कोण अभिमान. नुसत्या उडण्यावरून जात सांगणारा माणूस तो.

त्या दिवशी तक्ता संपला असं समजून बाईंनी पेनाला टोपण लावलं होतं.

"अनोळखी," मोजणीदार म्हणाले. "एक. चारशे मीटर. उभा. पाठ आपल्याकडे."

बाईंनी टोपण काढलं आणि लिहिलं.

२

आता एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण बाईंनी ती कुणालाच सांगितली नव्हती. मोजणीदारांना धड दिसत नव्हतं.

आधी त्यांनी कपाच्या शेजारी चहा ओतला. मग एकदा दाराशी अडकवलेल्या कोटाला 'या, बसा' म्हणाले. बाई खो खो हसल्या, आणि मग त्यांनी तो कोट गुपचूप कपाटात ठेवून दिला. वय झालं, डोळे तपासून घ्या, म्हणून लेक रोज फोनवर मागे लागली होती. पण अभयारण्याच्या साहेबांनी मोसमाआधीच सांगून ठेवलं होतं की यापुढे वयस्कर मोजणाऱ्यांची नजर तपासली जाईल आणि जो नापास होईल त्याची जागा दुसऱ्याला मिळेल. लपण गेलं तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे बाईंना लख्ख कळत होतं. मोजणीदारांच्या कचेरीतले दोघे असेच बसले होते, आणि वर्षाच्या आत गेलेही.

म्हणून त्यांनी नियम मोडला. झोळीत शालीखाली एक लहान दुर्बीण ठेवली. मोजणीदार म्हणत, "चिखल्या, चाळीस." बाई हळूच डोळ्याला दुर्बीण लावत, तर तिथे एकशे दहा. मग त्या एकशे दहा लिहीत. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाला शेजारी काय चाललंय याचा पत्ताही नसे. तीस वर्षं कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे न केलेली बाई, आणि आता रोज खोटं लिहीत होती. त्यांना लाज वाटायची, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

तर त्या दिवशीही त्यांनी बघितलं. चारशेच्या खांबाशी काही नव्हतं. नुसता ओला, चमकणारा चिखल. पण त्या चिखलाच्या चारी बाजूंना पक्षी खेटून उभे होते, एकमेकांच्या पाठीवर पडत होते, आणि मधे एका खोलीएवढी जागा रिकामी होती. पाणी चढत होतं. कडेचे पक्षी पोटापर्यंत भिजत होते, पण त्या कोरड्या जागेत एकही पाय टाकत नव्हता.

खड्डा असेल, बाईंनी मनाशी म्हटलं. नाहीतर काहीतरी मरून पडलं असेल.

परतीच्या वाटेवर मोजणीदार खुशीत होते. इतक्या वर्षांनी ओळखता न येणारा पक्षी भेटला म्हणून त्यांना अगदी तरुण झाल्यासारखं वाटत होतं. बांध उतरताना मात्र त्यांनी मागे वळून बघितलं.

"मघाशी वारा फिरला," ते म्हणाले. "सगळे फिरले. वाऱ्याकडे तोंड केलं नाही तर पिसं विस्कटतात, म्हणून फिरावंच लागतं. तो फिरला नाही."

"ओंडका असेल एखादा."

"ओंडका पाय बदलत नाही गं."

३

दुसऱ्या दिवशी तो साडेतीनशेवर होता. मग तीनशे. मग दोन दिवस तिथेच. मग अडीचशे. दर वेळी, उभा, पाठ आपल्याकडे. बाई कच्च्या तक्त्यावर लिहीत आणि साहेबांकडे पाठवायच्या पक्क्या प्रतीत ती ओळ गाळत, कारण मोजणीदारांना पक्षी ओळखता येत नाही म्हटल्यावर ऑफिसातल्या लोकांच्या भुवया वर जाणारच.

रिकामी जागा मात्र त्याच्याबरोबर सरकत होती. बाईंनी त्याचाही उलगडा केला. त्यांचं डोकं तसं शाबूत होतं. यांना ती मोकळी जागाच दिसत असणार, अधू डोळ्याला तीच काहीतरी उभं असल्यासारखी भासत असणार. एक अख्खी दुपार त्या या उलगड्यावर निवांत झोपल्या. जाग आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की मुळात जागा रिकामी का आहे आणि ती सरकते का, हे राहूनच गेलं.

लपणाच्या पत्र्यावर धोबी पक्ष्याची एक जोडी असे. शेपट्या हलवत दिवसभर त्यांची टिकटिक चाले, आणि मोजणीदार त्यांना आमचे भाडेकरू म्हणत. ज्या दिवशी तो दोनशेवर आला त्या दिवसापासून पत्रा गप्प झाला. खोपट्यात आता पेनाची खरखर आणि दोघांचे श्वास, एवढंच ऐकू येई. बाईंना मधूनच ते श्वास मोजायची लहर येई आणि त्या मुद्दाम खोकत.

त्याच दिवशी ससाणा आला.

तो आला की चिखलावरचे झाडून सगळे पक्षी एकदम उठतात. त्याचा आवाज असा होतो, की कुणी मोठं कापड टरकन फाडावं. हजारो पक्ष्यांचा तो लोट वळत, पलटत लपणासमोरून आडवा गेला. बाईंची दुर्बीण डोळ्यालाच होती. चौथ्या खांबाशी तो लोट फाटला. मधोमध फाटला, चिखलापासून वर पार दोन मजली घराच्या उंचीपर्यंत, आणि पलीकडे जाऊन पुन्हा जुळला. मागे राहिलेल्या एका तुतारीवर ससाण्याने झेप घेतली होती. बाण सुटावा तसा तो खाली येत होता. त्या जागेशी आल्यावर त्याने पंख उघडले, कसाबसा स्वतःला आवरला, ओरडला आणि हाताशी आलेली शिकार टाकून समुद्राकडे निघून गेला. त्या मोसमात तो पुन्हा दिसला नाही.

बाईंनी दुर्बीण शालीखाली सारली. ससाण्याचे डोळे काही अधू नव्हते.

"काय गं, ससाणा होता ना?" मोजणीदारांनी विचारलं. दुर्बिणीत त्यांना सगळा गढूळ गोंधळच दिसला असणार.

बाई हो म्हणाल्या.

"मला वाटलं होतं त्याहून उंच आहे तो," मोजणीदार म्हणाले, आणि ते ससाण्याबद्दल बोलत नव्हते.

४

संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन केला, आणि तिने चार दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टर तरुण होती, बोलायला गोड. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, ती म्हणाली, आणि डावा पार पिकलाय, मधोमध गडद डाग आहे. एवढ्या डागातून बघितल्यावर काळं, उभं असं काहीतरी दिसायचंच. डावा अवघड आहे, म्हणून आधी उजव्याचं ऑपरेशन करू, महिन्याभराने डाव्याचं. माणूस खडखडीत होईल, वाचेल, पक्षीसुद्धा मोजेल.

बाई बाहेर येऊन बाकड्यावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. डाग. एवढंच ना. मग रुमालाने तोंड पुसून त्या घरी जाईपर्यंत मोजणीदारांची टिंगल करत राहिल्या, की बावीस वर्षांत पहिला अनोळखी पक्षी सापडला तोही स्वतःच्याच डोळ्यात.

मोजणीदार हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोसमाची शेवटची मोठी भरती होती. ते म्हणाले, "उद्या जाऊन येऊ. मी बघणार नाही. तू बघ, मी लिहितो." आवाज असा काही पडलेला, की बाईंना नाही म्हणवलं नाही. शेवट मानाने होऊ दे, असं त्यांना वाटलं.

तर शेवटच्या दिवशी बाई दुर्बिणीशी बसल्या आणि मोजणीदार मान खाली घालून, तक्ता मांडीवर घेऊन. बाई पुकारत गेल्या. सबंध मोसमात पहिल्यांदा त्या खरे आकडे सांगत होत्या आणि त्यांना चक्क मजा वाटू लागली. पण शंभरच्या अलीकडे पुकारायला काही नव्हतंच. पन्नासचा खांब एकटा उभा होता, आणि खांबापासून थेट बांधाच्या पायथ्यापर्यंतचा चिखल मोकळा होता. बाईंनी दुर्बीण खाली वळवली. खेकड्यांची बिळं दिसत होती. एकही खेकडा बाहेर नव्हता.

"अनोळखी?" मोजणीदारांनी विचारलं.

"नाही. कोरी ठेवा."

पेनाची खरखर थांबली नाही. बाईंनी वळून बघितलं, तर मोजणीदारांनी मान वर केली होती आणि ते नुसत्या डोळ्यांनी फटीतून बाहेर बघत होते.

"त्याने मान वळवली," ते म्हणाले.

शहाण्या माणसाने त्या क्षणी उठून घर गाठलं असतं. बाईंनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. का लावला, ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. त्या नीट, थांबून, डोळ्यात तेल घालून बघत राहिल्या. चिखल, बिळं, खांब. मग सगळं हळूहळू पांढुरकं झालं. काचेवर वाफ धरली असेल म्हणून त्यांनी रुमालाने डोळ्याकडची काच पुसली. ती कोरडी होती. वाफ दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर धरली होती, जी फटीच्या बाहेर होती.

मोजणीदारांनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना उठवलं. दारातून बाहेर पडून बांधावरून जाताना ते सगळा वेळ बाई आणि खाडी यांच्या मधून चालत होते.

घरी आल्यावर बाईंनी तक्ता बघितला. शेवटच्या ओळीत मोजणीदारांचं वाकडंतिकडं अक्षर होतं. अनोळखी. एक. अंतराचा रकाना कोरा. आणि त्यापुढे, जिथे इतके दिवस पाठ, पाठ, पाठ लिहिलं होतं, तिथे लिहिलं होतं, बघतोय.

५

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झकास झालं. पट्टी निघाली त्या सकाळी मोजणीदार गच्चीत खुर्ची टाकून बसले आणि लहान मुलासारखे बोलत सुटले. चिमणीच्या डोळ्यावरची रेघ दिसते, समोरच्या घरावरच्या पाटीचं अक्षर अन् अक्षर दिसतं, आणि तू केस रंगवायचे कधी बंद केलेस? साहेबांचाही निरोप आला, की तपासणीचा कागद मिळाला, पुढच्या वर्षी लपण तुमचंच. बाईंनी दोन्ही हात कानशिलांवर नेऊन त्यांची दृष्ट काढली. ज्यासाठी मोसमभर खोटं लिहिलं ते पदरात पडलं होतं.

गच्चीत फूटफूटभर चौरस फरश्या आहेत. बाई रोज सकाळी त्यांवर दाणे टाकत आणि चिमण्या दोघांच्या पायांत नाचत. त्या दिवशी चिमण्या मोजणीदारांच्या चपलांवर चढल्या. बाईंच्या बाजूला फारशा आल्या नाहीत, पण अशा गोष्टी माणूस लगेच मनावर घेत नाही.

पाचव्या दिवशी मोजणीदारांना गंमत सुचली. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याला दाबून टाकतो, असं डॉक्टर म्हणाली होती. म्हटलं, बघू तरी डाव्याने कसं दिसत होतं ते. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला, रस्त्याकडे बघितलं, आणि हसत हसत बाईंकडे वळले.

त्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. डोळा मात्र बाईंच्या खांद्यावरून मागे गेला आणि वर गेला, आणखी वर गेला.

"अनोळखी," ते म्हणाले. मोजणीचा, सावकाश आवाज. "एक."

बाईंचा हात आपसूक टेबलावरच्या पेनाकडे गेला. बावीस वर्षांची सवय. "अंतर?"

मोजणीदारांचा तळहात उजव्या डोळ्यावर तसाच होता.

"अहो, अंतर किती?"

"सहा फूट. तुझ्या मागे." बाईंची मान वळू लागली तसा त्यांनी पुढे होऊन त्यांचा हात धरला. "बघायचं नाही. लिहिणाऱ्याने बघायचं नाही. तू लिही."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी रद्द करून टाकलं. डॉक्टरने समजावून पाहिलं, लेक फोनवर आकांडतांडव करून थकली. मोजणीदारांचं एकच पालुपद, मला एक डोळा पुरे आहे. खरं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. तो डोळा साफ झाला असता, तर अनोळखी कुठवर आलाय हे कुणाला दिसणार होतं?

तेव्हापासून रोज सकाळी ती दोघं गच्चीत बसतात. मोजणीदार उजव्या डोळ्यावर तळहात धरतात, बाईंच्या मागे बघतात आणि सांगतात, सहा फूट. बाई लिहितात. पहिल्या दिवशी सहा, आठव्या दिवशी सहा, विसाव्या दिवशीही सहाच. अजून तिथेच आहे, काळजी करू नकोस, असं ते वर म्हणतात.

पण दाणे काही मोजणीदार टाकत नाहीत, बाई टाकतात. आणि नंतर झाडूही बाईच मारतात. पहिल्या दिवशी त्यांच्या खुर्चीमागे सहाव्या फरशीवरचे दाणे तसेच राहिले होते. पुढच्या आठवड्यात पाचव्या फरशीवरचे उरले होते, आणि मागच्या फरश्या चिमण्यांनी साफ केल्या होत्या. मग चौथीवरचे उरले. न टिपलेल्या दाण्यांचा तो घेर खुर्चीकडे सरकत होता. काल खुर्चीच्या मागच्या पायांलगतच्या फरशीवरचेच दाणे राहिले. आज बाई मान न वळवता खाली बघतात, तर दाणे त्यांच्या खुर्चीखाली आहेत, त्यांच्या टाचांपाशी आहेत, आणि चिमण्या साऱ्या पलीकडच्या कठड्यावर गप्प बसून आहेत.

तीस वर्षं बाईंनी माणसांचे आवाज ऐकले आहेत. पोट भरण्यासाठी खोटं बोलणारा कसा बोलतो आणि आपल्या माणसासाठी खोटं बोलणारा कसा बोलतो, हे त्यांना डोळे मिटून कळतं. दुसरा जरा जास्तच स्पष्ट बोलतो. आणि या बाबतीत बोलायला त्यांना तरी कुठे तोंड होतं? सबंध मोसम त्यांनी याच माणसासाठी चाळीसचे एकशे दहा केले होते.

"सहा फूट," मोजणीदार अगदी स्पष्ट म्हणतात. टेबलावरून पुढे येऊन त्यांनी बाईंचा डावा हात घट्ट धरला आहे.

वारा नाही. तरी बाईंच्या मानेवरचे सुटे केस हलताहेत, थांबताहेत, पुन्हा हलताहेत. त्या मान खाली घालतात आणि ऐकलं तसं लिहितात.